स्मारकांचा निवाडा

पुतळा उभारणे सोपे आणि पुतळ्याविषयी शांतपणे बोलणे कठीण, असा अनुभव आपल्या सार्वजनिक जीवनात वारंवार येतो. चौकातला एखादा पुतळा हलवावा असे कोणी सुचवले, की हा इतिहास पुसण्याचा घाट आहे असा आक्षेप उठतो. तो राहू द्यावा असे कोणी म्हटले, की हा अपमान आणखी किती पिढ्यांनी सोसायचा, असा प्रतिप्रश्न येतो. दोन्ही पक्ष इतिहासाची साक्ष काढतात. पण त्या विशिष्ट पुतळ्याचा इतिहास, म्हणजे तो कोणी, केव्हा आणि कशासाठी उभारला हा इतिहास, पुष्कळदा दोघांनाही ठाऊक नसतो.

हा वाद एकट्या आपल्या देशाचा नाही. २०१५ साली केप टाउन विद्यापीठातील सेसिल ऱ्होड्सचा पुतळा विद्यार्थ्यांच्या चळवळीमुळे हलवावा लागला. २०२० च्या जून महिन्यात इंग्लंडातील ब्रिस्टल शहरी एडवर्ड कोल्स्टन या गुलामांच्या व्यापारात पैसा मिळवलेल्या गृहस्थाचा पुतळा जमावाने ओढून पाडला आणि बंदराच्या पाण्यात ढकलून दिला. त्या वेळी इंग्लंडातील विद्वानांनी जो ऊहापोह केला, तो वाचताना हे सारे आपल्याकडे पूर्वीच होऊन गेले आहे असे आम्हांस राहून राहून वाटले. या प्रश्नाचा अभ्यास करण्यासाठी आपल्याला परदेशी जाण्याचे कारण नाही. १९२७ हे एकच वर्ष घेतले तरी पुरे आहे.

आमचे म्हणणे आरंभीच थोडक्यात मांडतो. स्मारकाला आपण इतिहास समजतो, ही पहिली गफलत. स्मारक हा एका पिढीने, किंवा त्या पिढीतील सत्ताधाऱ्यांनी, इतिहासावर दिलेला निवाडा असतो. अमुक माणूस थोर, अमुक दिवस विजयाचा, अमुक मरण पुण्याचे, असा तो निवाडा दगडात कोरलेला असतो, एवढेच. आणि प्रत्येक निवाड्यावर अपील असते. मात्र ते अपील कोणी करावे, कोणत्या पुराव्यावर करावे आणि कोणापुढे चालावे, याचे काही नियम असले पाहिजेत. ते नियम तर्काने ठरवण्यापेक्षा घडलेल्या गोष्टींवरून काढणे बरे.

मद्रासचा पुतळा

जेम्स नील हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास फौजेतील अधिकारी. १८५७ च्या उठावात तो आपली पलटण घेऊन उत्तरेकडे गेला. जून महिन्यात अलाहाबादेत आणि आसपासच्या गावांत त्याने जी फाशीची सत्रे चालवली, त्यांत दोषी कोण आणि निर्दोष कोण याची छाननी करण्यास कोणी थांबले नाही. पुढे कानपुरास बीबीघरात इंग्रज बायकामुलांची कत्तल झाली होती, त्या जागी त्याने पकडलेल्या लोकांना जमिनीवरचे रक्त साफ करायला, काहींना तर ते जिभेने चाटायला लावले आणि मग फाशी दिले. बीबीघरातील कत्तल अमानुष होती हे निर्विवाद. परंतु नीलने तिचा सूड ज्यांच्यावर उगवला त्यांचा त्या कत्तलीशी संबंध होता की नाही, याची त्याला फिकीर नव्हती. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये लखनौच्या लढाईत तो मारला गेला.

या नीलचा पुतळा मद्रासेत माउंट रोडवर उभा राहिला. त्याच शिल्पकाराने, मॅथ्यू नोबलने, घडवलेला त्याचा दुसरा पुतळा स्कॉटलंडातील एअर या गावी आहे. एअरच्या लोकांना तो आपल्या गावचा शूर शिपाई वाटला असेल. मद्रासच्या रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाला तो काय सांगत होता? तुमच्या देशबांधवांना ज्याने असे मारले तो आमच्या मते थोर पुरुष होता आणि तुम्ही रोज त्याच्या पायांखालून जावे, एवढेच तो सांगत होता.

१९२७ च्या ऑगस्टमध्ये या पुतळ्याविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला. स्वयंसेवक हातोडे आणि कुऱ्हाडी घेऊन पुतळ्यापाशी जात, एखाददुसरा घाव घालीत आणि तुरुंगात जात. सप्टेंबरात गांधीजी मद्रासेस आले, तेव्हा या तरुणांनी त्यांचा सल्ला घेतला. गांधीजींनी चळवळीला पाठिंबा दिला. पण अहिंसेची अट घातली, आणि नीलविषयी किंवा इंग्रज माणसांविषयी द्वेष मनात न ठेवण्याची सूचना केली. लढा मेलेल्या शिपायाशी नसून त्या पुतळ्याने जी वृत्ती पूजनीय ठरवली होती तिच्याशी आहे, हा विवेक त्यामागे होता. थोड्याच काळात सायमन कमिशनवरील बहिष्काराच्या धामधुमीत हा सत्याग्रह मागे पडला. १९३७ साली मद्रास प्रांतात राजगोपालाचारींचे मंत्रिमंडळ आल्यावर नील रस्त्यावरून हलला आणि अखेर संग्रहालयात गेला. दहा वर्षांपूर्वी ज्या गोष्टीसाठी तरुणांनी तुरुंगवास भोगला, ती लोकांच्या प्रतिनिधींच्या हाती सत्ता येताच शांतपणे झाली. नीलच्या नावाचे बेट मात्र अंदमानात पुष्कळ वर्षे राहिले. त्याला शहीद द्वीप हे नाव २०१८ साली मिळाले.

नीलला संग्रहालयात नेल्याने सत्तावन्नचा इतिहास पुसला गेला काय? उलट, नील कोण होता हे पुष्कळांना त्या सत्याग्रहामुळेच प्रथम कळले. साठ वर्षांहून अधिक काळ पुतळा रस्त्यात उभा होता. तो कोणालाही सत्तावन्नचा इतिहास शिकवीत नव्हता.

कोरेगावचा स्तंभ

येथवर प्रश्न सरळ आहे. परक्यांनी आपल्या छातीवर उभारलेली स्मारके आपण काढावीत, असा सोपा नियम यावरून कोणी करील. पण त्याच १९२७ सालाच्या पहिल्या दिवशी, मद्रासच्या सत्याग्रहाच्या सात-आठ महिने आधी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर भीमा नदीकाठच्या कोरेगावास गेले होते. आणि जेथे ते अभिवादन करण्यास गेले ते स्मारकही इंग्रजांनीच उभारलेले होते.

१ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावास दुसऱ्या बाजीरावाच्या फौजेशी कंपनीच्या एका लहान तुकडीची दिवसभर लढाई झाली. कॅप्टन स्टॉन्टनची ही तुकडी शिरूरहून पुण्याकडे निघाली होती. तीत मुंबई देशी पायदळाचे सुमारे पाचशे शिपाई, काही घोडेस्वार आणि दोन तोफा होत्या. रात्री पेशव्यांची फौज निघून गेली आणि तुकडी तगून राहिली. कंपनी सरकारने १८२१ साली तेथे स्तंभाची पायाभरणी केली. हेतू स्पष्ट होता: आपल्या सत्तेचा विजय दगडात कोरून ठेवणे. स्तंभावरील मजकूर त्याच थाटाचा आहे. हेतूच पाहायचा, तर नीलचा पुतळा आणि कोरेगावचा स्तंभ यांत फरक करता येत नाही.

परंतु त्या स्तंभावर कामी आलेल्या शिपायांची नावेही कोरली गेली, आणि त्यांतील वीसपेक्षा अधिक नावांच्या शेवटी 'नाक' आहे. ही महार शिपायांची नावे. ज्या समाजाची सावलीही गावाला चालत नव्हती, त्याच्या माणसांची नावे पराक्रमासाठी दगडावर कोरली जाणे, ही त्या काळच्या महाराष्ट्रात केवढी अपूर्व गोष्ट होती, हे ध्यानात घेतले पाहिजे. पुढे याच इंग्रज सरकारने, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, महारांची लष्करभरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी आणि नंतर शिवराम जानबा कांबळे यांनी भरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून अर्ज केले, तेव्हा कोरेगावचा स्तंभ ही इंग्रजांच्याच हस्ताक्षरातील साक्ष ठरली. विजेत्याने स्वतःच्या गौरवासाठी कोरलेला दगड त्याच्याच विश्वासघाताचा पुरावा झाला.

१९२७ च्या जानेवारीत आंबेडकर तेथे गेले, मार्चमध्ये महाडच्या चवदार तळ्यावर गेले आणि डिसेंबरात महाडासच मनुस्मृतीचे दहन झाले. हा क्रम पाहिला म्हणजे कोरेगावच्या भेटीचा अर्थ उलगडतो. कंपनीच्या राज्याचे गोडवे गाणे हा तिचा अर्थ नव्हे. तुम्ही मुळात लढवय्ये आहात, हीन नाही, ही गोष्ट एका दबलेल्या समाजाला त्याच्याच पूर्वजांच्या नावांवरून दाखवून देणे, हा तो अर्थ होता. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा तिच्या बिल्ल्यावर हाच स्तंभ होता.

यावर आक्षेप असा घेतला जातो की, लढाईच्या इतिहासाशी हा अर्थ तंतोतंत जुळत नाही. कंपनीच्या तुकडीत महारांखेरीज मराठे, मुसलमान आणि इतरही लोक होते. पेशव्यांच्या बाजूने अरब मोठ्या शौर्याने लढले. ही जातीजातींची लढाई नव्हती. हे सर्व खरे आहे आणि इतिहासकाराने ते सांगितलेच पाहिजे. पण स्तंभापाशी दरवर्षी जमणारा समाज लढाईतील फौजांची मोजदाद करायला येत नाही. ज्यांना बाकी कोणत्याच चौकात स्थान मिळाले नाही, ते आपली नावे जेथे सापडली तेथे येतात. २०१८ साली लढाईला दोनशे वर्षे झाली, त्या दिवशी तेथे दंगल होऊन एका तरुणाचा बळी गेला. दोनशे वर्षांपूर्वीच्या लढाईचा अर्थ दगडधोंड्यांनी ठरवू पाहणाऱ्या समाजाने आपल्या वैचारिक परंपरेचा अभिमान कोणत्या तोंडाने सांगावा?

तात्पर्य, स्मारक परक्याने उभारले की आपल्या माणसाने, यावरून त्याचा न्याय होत नाही. मद्रासचा दगड ज्यांना खाली पाहायला लावीत होता त्यांनी त्याच्यावर घाव घातला. कोरेगावचा दगड ज्यांना वर पाहायला लावीत होता त्यांनी त्याला हार घातला. दोघांनीही अपीलच केले. एकाने निवाडा रद्द करून मागितला. दुसऱ्याने निवाडा कायम ठेवून त्याची कारणे बदलली.

पुण्यातील दोन पुतळे

अपील कोणापुढे चालावे, हा प्रश्न मात्र यातून सुटत नाही. त्यासाठी आम्ही वाचकांना त्याच दशकातल्या पुण्यात नेऊ इच्छितो.

१९२१ च्या नोव्हेंबरात इंग्लंडचे युवराज हिंदुस्थानात आले. काँग्रेसने त्यांच्यावर बहिष्कार पुकारला होता आणि मुंबईत ते उतरले त्या दिवशी दंगली झाल्या. दोनच दिवसांनी पुण्यात याच युवराजांच्या हस्ते शिवाजी महाराजांच्या स्मारकाची कोनशिला बसवण्यात आली. यात पुढाकार होता कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींचा. पुढे नानासाहेब करमरकरांनी घडवलेला महाराजांचा भव्य अश्वारूढ पुतळा तेथे उभा राहिला आणि १९२८ साली मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांनी त्याचे अनावरण केले. रायगडावर शिवोत्सव भरवून ज्या टिळकपक्षाने शिवाजीला स्वराज्याच्या चळवळीचे दैवत केले, त्याला ही घटना किती विपरीत वाटली असेल! आणि ज्या ब्राह्मणेतर पक्षाला शिवाजी हा रयतेचा राजा म्हणून हवा होता, त्याला ती तितकीच रास्त वाटली. आज त्या पुतळ्यापुढे उभा राहणारा माणूस यांपैकी काहीच मनात आणत नाही. अनावरण कोणी केले ते लोक विसरले, महाराज राहिले.

दुसरा पुतळा उभाच राहिला नाही. १९२४ साली पुण्याच्या मंडईत लोकमान्य टिळकांचा पुतळा उभा राहिला. पंडित मोतीलाल नेहरूंनी त्याचे अनावरण केले. पुढच्याच वर्षी केशवराव जेधे यांनी नगरपालिकेत जोतीराव फुले यांचा पुतळा उभारण्याची सूचना आणली. तिला कडाडून विरोध झाला. फुल्यांच्या निंदेची पत्रके निघाली. उलट बाजूने दिनकरराव जवळकरांनी 'देशाचे दुश्मन' ही जहाल पुस्तिका लिहिली आणि तीत टिळक-चिपळूणकरांवर आग पाखडली. खटला झाला, शिक्षा झाल्या, आणि १९२६ साली अपिलात डॉ. आंबेडकरांनी बाजू मांडून आरोपींना सोडवले. एका न उभारलेल्या पुतळ्याने पुण्यात जेवढी कटुता माजवली, तेवढी उभ्या असलेल्या एकाही पुतळ्याने माजवली नसेल.

या प्रकरणाचा धडा आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. पाडलेल्या पुतळ्याची बातमी होते. नाकारलेल्या पुतळ्याची जागा रिकामी दिसते आणि रिकामी जागा कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. पण कोणत्या शहरात कोणाचे पुतळे नाहीत, हेही त्या शहराने दिलेले निवाडेच आहेत. न्यायाधीशाच्या आसनावर एकाच थरातील लोक बसले, म्हणजे पुरावा कितीही असला तरी निकाल ठरलेला असतो. पुढे आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने त्याच मंडईला महात्मा फुले यांचे नाव मिळाले. गंमत अशी की, ती मंडई बांधण्याच्या खर्चाला नगरपालिकेचे सभासद असताना खुद्द जोतीरावांनीच विरोध केला होता. तो पैसा शिक्षणावर खर्च करावा असे त्यांचे म्हणणे होते. नाव देताना त्यांचे हे म्हणणे कितीजणांना आठवले असेल कोण जाणे. माणसाला मान देणे सोपे. त्याचे म्हणणे मानणे अवघड.

पुराव्याची गोष्ट

काही स्मारकांच्या बाबतीत मानापमानाच्या जोडीला खऱ्याखोट्याचाही प्रश्न असतो. कलकत्त्याचे हॉलवेल स्मारक हे त्याचे उत्तम उदाहरण होय. १७५६ च्या जून महिन्यात सिराजउद्दौल्याने कलकत्ता घेतले, त्या रात्री एका लहान खोलीत १४६ इंग्रज कोंडले गेले आणि त्यांतील १२३ गुदमरून मेले, असे हॉलवेल या बचावलेल्या गृहस्थाने लिहून ठेवले. मृतांचे स्मारकही त्यानेच उभारले. ते १८२१ मध्ये पाडण्यात आले, तेही इंग्रजांच्याच अमदानीत. लॉर्ड कर्झनने १९०२ साली ते संगमरवरात पुन्हा उभारले.

दरम्यान अक्षयकुमार मैत्रेय या बंगाली इतिहासकाराने हॉलवेलच्या हकिकतीवर कसून आक्षेप घेतले होते. १९१६ साली कलकत्त्यात या प्रश्नावर इंग्रज आणि हिंदी अभ्यासकांची जाहीर चर्चाही झाली. पुढे १९५९ साली ब्रिजेन गुप्ता या संशोधकाने उपलब्ध कागद तपासून कोंडलेल्यांचा आकडा ६४ च्या आसपास असावा असा निष्कर्ष काढला. म्हणजे घटना निव्वळ कल्पित नव्हती. पण हॉलवेलने सांगितली तशीही नव्हती. १९४० साली सुभाषचंद्र बोसांनी हे स्मारक हलवण्यासाठी सत्याग्रह पुकारला. ३ जुलै हा दिवस त्यासाठी ठरला होता. आदल्या दिवशीच सुभाषबाबूंना अटक झाली. त्या चळवळीत हिंदू आणि मुसलमान तरुण खांद्याला खांदा लावून उभे होते, हे त्या वर्षांची हवा आठवता विशेषच म्हटले पाहिजे. बंगालच्या फजलुल हक मंत्रिमंडळाने त्याच वर्षी स्मारक चौकातून हलवले. आज ते सेंट जॉन चर्चच्या आवारात आहे.

हा निकाल आम्हांस आदर्श वाटतो. खोलीत गुदमरून मेलेली माणसे खरीच मेली होती. त्यांची आठवण चर्चच्या आवारात राहिली. एका संशयास्पद आकड्याच्या आधारे साऱ्या देशाला क्रूर ठरवणारी खूण मात्र शहराच्या भर चौकातून गेली. मृतांचा मान आणि जिवंतांचा मान, दोन्ही राखले गेले.

हलवलेल्या पुतळ्यांचे पुढे काय होते

आता मूळ आक्षेपाकडे वळू. पुतळा हलवल्याने इतिहास पुसला जातो काय? मुंबईकरांना उत्तर ठाऊक आहे. सातव्या एडवर्डचा, तो युवराज असतानाचा, अश्वारूढ पुतळा अल्बर्ट ससून यांनी मुंबईला दिला. १८७९ मध्ये तो उभा राहिला. १९६५ साली तो तेथून हलवून राणीच्या बागेत नेण्यात आला. स्वार गेला, घोडाही गेला. पण त्या भागाला मुंबई अजून 'काळा घोडा'च म्हणते. २०१७ साली तेथे नवा घोडा उभा केला गेला, त्याच्या पाठीवर स्वार नाही. लोकांच्या स्मृतीने राजा वगळला आणि घोडा ठेवला, असा हा मजेदार निवाडा आहे.

दिल्लीत इंडिया गेटपाशी पंचम जॉर्जचा पुतळा होता. तो १९६८ साली निघाला आणि वरची छत्री ५४ वर्षे रिकामी राहिली. २०२२ साली त्या छत्रीखाली सुभाषचंद्रांचा पुतळा आला. एक स्मारक हलवण्यासाठी जो तुरुंगात गेला, तो असा स्वतःच स्मारक होऊन सम्राटाच्या जागी उभा आहे.

परंतु या आक्षेपात सत्याचा एक अंश आहे आणि तो टाकून चालणार नाही. 'काळा घोडा' या नावातून स्वार कोण, तो येथे का आला, त्याच्यासाठी पैसा कोणी आणि का दिला, यांपैकी काहीच कळत नाही. पुतळा हलवला आणि त्याची हकिकत सांगितली नाही, तर अपमानाबरोबर अपमानाची आठवणही जाते. आणि ज्या समाजाला आपण कशातून सुटलो हे आठवत नाही, त्याला पुन्हा त्यात सापडायला वेळ लागत नाही. ब्रिस्टलच्या लोकांनी कोल्स्टनचा पुतळा पाण्यातून काढला आणि अंगावरच्या रंगासकट, आडवा, संग्रहालयात ठेवला. तो व्यापारी, त्याचा गौरव करणारी पिढी आणि त्याला पाडणारी पिढी, असा तिघांचा इतिहास तेथे एकत्र वाचता येतो. पाडण्याची रीत आम्हांस पसंत नाही, ठेवण्याची पसंत आहे.

अपील कसे चालावे

या सर्व उदाहरणांवरून आमचा निष्कर्ष असा. कोणत्याही स्मारकासंबंधी वाद निघाला म्हणजे तीन गोष्टी क्रमाने पाहाव्यात. पहिली, त्या माणसाला किंवा प्रसंगाला मान नेमका कशासाठी दिला गेला? प्रत्येक थोर माणसात दोष सापडतील. पण नीलला मान मिळाला तो त्याच्या दोषांकडे डोळेझाक करून नव्हे, तर ज्या कृत्यांनी तो कलंकित झाला त्यांच्याबद्दलच. टिळक किंवा फुले यांची गोष्ट निराळी आहे. दुसरी, आज त्या दगडापुढून जाणाऱ्यांत सर्वांत दुर्बळ जो आहे, त्याला तो काय सांगतो? तिसरी, निर्णय घेणाऱ्यांत तो दुर्बळ माणूस बसला आहे काय?

ही वाट धरली तर उद्या एकही पुतळा जागेवर राहणार नाही, अशी भीती काहींना वाटते. आम्हांस ती खरी वाटत नाही. ज्याचा मान खरा आहे त्याला फेरतपासणीचे भय नाही. भय असते ते रातोरात झालेल्या निर्णयांचे. मग तो पुतळा रातोरात पाडलेला असो की रातोरात उभारलेला असो. आपल्या राज्यात आज पहिल्यापेक्षा दुसऱ्या प्रकाराचा उत्साह अधिक आहे, आणि उंची, वजन व खर्च यांचे आकडे सांगितले की चर्चा संपली असे मानण्याची सवयही जडू लागली आहे. इंग्रजांचे पुतळे हलवताना आपण जे प्रश्न विचारले, ते स्वतःचे पुतळे उभारताना विचारायला आपण कचरतो. नगरपालिकेत मंडईच्या खर्चाला हरकत घेणारा जोतीराव आज सभागृहात उभा राहिला, तर त्याला किती वेळ बोलू दिले जाईल?

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ती मतभेदाचे विषय चारचौघांत, उजेडात बोलले जावेत म्हणून. स्मारकांचे अपील चालवण्याची खरी जागा अशा सभांत आहे. येथे मद्रासच्या सत्याग्रह्यांची बाजू मांडता येते आणि कोरेगावास जमणाऱ्यांचीही. येथे अक्षयकुमारांचा पुरावा वाचता येतो आणि हॉलवेलच्या मृतांसाठी हळहळताही येते. अशी चर्चा होऊन जो पुतळा हलेल तो सन्मानाने हलेल, आणि जो राहील तो लोकांच्या संमतीने राहील.